सलामाचं कलम

परंड्याच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देणारे काका निजामाच्या अंमलदारांना इतके सलाम करत, की त्यांचा हात झोपेतही कपाळालाच असावा, असं मला वाटे. आमच्या नव्या निजामविरोधी पक्षाचे नियम मात्र त्यांनीच, आपल्या घरी भरलेल्या बैठकीत, लिहायला घेतले.

"अंमलदाराला सलाम करील, तो सभासद राहणार न्हाय," त्यांनी पहिलंच कलम वाचलं. तेवढ्यात पोलीस जमादार दारावरून गेला. आम्ही सगळ्यांनी उठून सलाम ठोकला, काकांनीही.

"काका, आता पक्षात उरलं कोण?" मी चाचरत विचारलं.

"दम धर की, कॉलेजवाल्या!" म्हणत त्यांनी कलमापुढं लिहिलं, 'उद्यापासून लागू.'

दुसऱ्या दिवशी मी कचेरीसमोर काकांपाशी बसलो होतो. जमादार आला, तेव्हा काकांच्या दोन्ही हातांत शाईनं भरलेल्या दौती होत्या. मीही घाईघाईनं दोन्ही हातांत पुस्तकं धरली.