समुद्राच्या कायद्यासाठी गाव निवडताना

सागरी कायद्यात एलएलएम करायचं ठरवलं आहे, असं मी बार रूममध्ये सांगितलं त्या दिवशी बुलढाण्याच्या कोर्टात फारसं काम नव्हतं. त्यामुळे विषय चांगलाच रंगला. "काऊन मॅडम, येळगावच्या धरणात जहाज उतरवून राह्यल्या का?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं माहिती पुरवली की या गावाला अजून रेल्वे आली नाही, तेव्हा जहाजाला जरा वेळ लागेल. मीही हसले. हसण्यावारी नेलं की कारण सांगावं लागत नाही, हे मला त्या वर्षात चांगलं जमायला लागलं होतं.

कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मी ज्या सरांच्या हाताखाली वकिली शिकत होते, त्यांच्याकडे नांदुऱ्याच्या एका शेठजींची बावीस वर्षांपासूनची कामं होती. शेठजींचं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग. जागेचे वाद, चेकचे दावे, भावाभावांची वाटणी, सगळं सरांकडे. एके वर्षी त्यांनी कापसाच्या गाठी बांगलादेशात पाठवल्या. तिकडे कंटेनर उघडला तर गाठी खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या. घेणाऱ्यानं माल नाकारला, कागद परत पाठवले. शेठजी ती फाइल घेऊन आले. जहाज कंपनीवर दावा लावायचा होता. सरांच्या टेबलावर तेव्हा चिखलीच्या एका वाटणीच्या दाव्याचा ढीग पडला होता. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मुदत किती ते पाहून नोट टाका."

मी पाहिलं नाही, आठवलं. कराराचा भंग, तीन वर्षं. दोन ओळींची नोट लिहून फाइलला टाचून दिली. जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीच्या, मागे मुंगीच्या पावलांसारखं बारीक छापलेलं एक पान होतं. ते मी वाचलं नाही. समुद्रानं गेलेल्या मालाचा दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो. हे त्या पानावर होतं, कायद्यातही होतं. आमच्याकडे असा दावा कोणी लावल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. शिवाय आमच्या कोर्टात वाढलेल्या वकिलाला मुदत ही जरा मऊ गोष्ट वाटते. साक्षीदार आला नाही, तारीख घ्या. वकिलाच्या घरी लग्न आहे, तारीख घ्या. पुढची तारीख मिळतेच, हा माझा त्या वेळचा सगळ्यात पक्का कायदेशीर विश्वास होता.

तीन वर्षं हातात आहेत म्हणून सरांनी सावकाश पत्रव्यवहार केला. चौदाव्या महिन्यात नोटीस गेली आणि कंपनीच्या मुंबईच्या वकिलाचं एका परिच्छेदाचं उत्तर आलं. सरांनी ते वाचलं, फाइल मागवली, माझी नोट पाहिली आणि फाइल मिटून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. सर त्यांना म्हणाले, "शेठ, मुदत निघून गेली. माह्याकडून राह्यलं." मी कोपऱ्यातल्या खुर्चीत वही उघडून बसले होते. बोलायला जागा होती, वेळही होता. मी वहीत तारीख लिहिली. शेठजी म्हणाले, "बावीस वर्षांत हे एकच समुद्राचं काम आनलं व्हतं वकील साहेब." पुढच्या आठवड्यात त्यांचे मुनीम येऊन सगळ्या फायली घेऊन गेले. कपाटाचे दोन कप्पे रिकामे झाले.

त्यानंतर मी सागरी कायदा वाचायला घेतला. आधी नुसती स्वतःला शिक्षा म्हणून. माल, जहाज, विमा, बंदर, टक्कर, बुडालेल्या जहाजातून काय वर काढलं आणि ते कोणाचं. महिनाभरात मला ते आवडायला लागलं. चुकीतून सुरू झालेलं वाचन इतकं आवडावं, हे माझं मलाच जरा निर्लज्जपणाचं वाटलं. पण आवडलं हे खरं. अर्जात मात्र मी लिहिलं की विदर्भाचा कापूस जगाच्या बाजारात जातो, आणि त्याच्यामागे कायद्याचं बळ उभं करावं असं मला लहानपणापासून वाटतं. लहानपणी मला अमडापूरच्या बाजारातली भेळ सोडून काही वाटल्याचं आठवत नाही.

तीन ठिकाणं पक्की केली होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक बंदराचं गाव, नॉर्वेतलं एक आणि आपल्याकडचं कोची. मी एका मोठ्या कागदावर रकाने आखले. कोर्स किती महिन्यांचा, विषय कोणते, शिकवणारे कोण, शिष्यवृत्ती मिळेल का. रविवारी अमडापूरला घरी गेले तेव्हा तो कागद बाबांपुढे ठेवला. बाबा शेती करतात. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टींची निवड नेटानं केली, बियाण्याची आणि सोयरिकीची. दोन्हीत त्यांची रीत एकच: छापलेल्यावर विश्वास नाही, ज्यानं पाहिलं त्याला विचारायचं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत नीट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं,

"तिथं आपलं कोन हाय?"

हा रकाना माझ्या कागदावर नव्हता. बाबांनी तो स्वतः भरायला घेतला. दोन दिवस फोन चालले. नॉर्वेत आपलं कोणीच निघेना, तेव्हा नॉर्वे बाद. कोचीत चिखलीकडचा एक जण नौदलात होता, पण त्याची मागच्याच वर्षी बदली झाली होती. म्हणजे कोचीला अर्धे गुण. मग तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. आवाजात विहिरीला पाणी लागल्याचा आनंद. इंग्लंडच्या त्याच गावात, विद्यापीठापासून पायी वीस मिनिटांवर, आपला माणूस राहतो. बायको जळगाव जामोदची, घरात ज्वारीचं पीठ सुद्धा मिळतं. बाबांच्या लेखी प्रवेशाची प्रक्रिया तिथंच संपली.

"कोणाचा कोण?" मी विचारलं.

"नांदुऱ्याच्या जिनिंगवाल्या शेठचा पुतन्या. तुह्या साहेबाकडं यायचे ना ते?"

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. शेठजींनी वकील बदलला एवढंच त्यांच्या कानावर होतं. शेठजी फोनवर त्यांना म्हणाले होते, पोरगी आमचीच समजा, खोली कायले पाहता, पुतण्याच्या घरी राहील. एवढा उपकार फोनवर घेऊ नये म्हणून बाबांनी नांदुऱ्याला जायचं ठरवलं. घरच्या तुरीची डाळ करून ठेवली. मी दोन वेळा कोर्टाचं काम काढलं. तिसऱ्या वेळेला काम सुचलं नाही.

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. इंग्लंडचा कोर्स चांगला होता, आणि ते गाव बुलढाण्यापासून पुष्कळ लांब होतं. त्या ओढीत शिक्षण किती आणि पळ काढणं किती, हे मी तेव्हा मोजलं नाही. दोन्ही विद्यापीठांना मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं पत्र हवं होतं. ते मी सरांना अजून मागितलं नव्हतं. रोज समोर बसत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

नांदुऱ्याच्या ऑफिसात शेठजींनी आम्हाला गादीवर बसवलं. चहा, फरसाण, पुतण्याच्या घराचे मोबाइलवर फोटो. माझी खोली कोणती तेही दाखवलं. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, पण त्याचा वास येतो म्हणे. बाबा खूश होऊन एकेक फोटो मोठा करून पाहत होते. मग शेठजी माझ्याकडे वळून म्हणाले, "शिक बेटा, चांगलं शिक. त्या वकिलानं मले बुडवलं. बावीस वर्षं भरोसा केला अन् त्याले साधी मुदत नाही समजली. आता रस्त्यात भेटला तं मी तोंड फिरवतो."

मी काही धाडसानं बोलले असं नाही. सर रस्त्याच्या कडेला उभे आहेत आणि शेठजी तोंड फिरवून जात आहेत, हे मला दिसलं आणि मी हातातलं फरसाण बशीत परत ठेवलं. मी म्हटलं, "शेठजी, ती मुदत मी काढली होती. तीन वर्षं अशी नोट मी लिहिली. सरांनी माझ्यावर भरोसा ठेवला. त्यांनी तुम्हाला माझं नाव सांगितलं नाही आणि मीही गप्प बसले."

बाबांनी मोबाइल हळूच खाली ठेवला.

"तू लिवली व्हती?" शेठजींनी विचारलं.

"हो."

"मंग वकिलानं मले काऊन नाही सांगतलं?"

शेठजींनी चहा संपवला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "तू सांगतलं ते बरं केलं. तिकडं जायचं तं जाय, मी आडवा येत नाही. पन पुतन्याच्या घरी राहू नको. तो दर रईवारी फोन करते. मले तुहं नाव ऐकवनार नाही." बाबा उठले आणि त्यांनी डाळीच्या पिशवीकडे हात नेला. शेठजी म्हणाले, "डाळ राहू द्या भाऊ. डाळीनं काय केलं?"

परतीच्या बसमध्ये मोताळा गेल्यावर बाबा म्हणाले, "सांगायचं व्हतं तं आधी घरी सांगतलं असतं. मले तिथं खाली मान घालून बसा लागलं." मी चुकलं म्हटलं. ते खरंच चुकलं होतं. घाट चढून गार हवा लागली तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "आता दोन्ही गावं सारखीच झाली. आपलं कोनीच नाही. तुले जिथं शिकाचं तिथं शिक." आधी मला वाटलं की यात मोकळीक आहे. मग लक्षात आलं की आता निवडीला माझ्याशिवाय दुसरं कोणी जबाबदार नाही.

मी कोची निवडलं. तो कागद परत काढून शांतपणे पाहिला. कोचीत मालाच्या दाव्यांवर एक अख्खा पेपर होता, आणि शेठजींसारख्या माणसांचे दावे आपल्याच किनाऱ्यावर लागतात आणि आपल्याच किनाऱ्यावर बुडतात. इंग्लंडच्या बाजूला मी काय काय लिहिलं होतं ते वाचलं. त्यातलं निम्मं लांब जाण्याबद्दल होतं. तो अर्ज पाठवलाच नाही.

सोमवारी सरांकडे पत्र मागायला गेले. कोर्टात जाण्याआधी ते कोट झटकत होते. मी सगळं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हातानं थांबवलं.

"फोन आला व्हता त्याचा. शनिवारीच."

मला वाटलं, मिटलं असेल. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"शिव्या दिल्या." सर कोटाची बटणं लावत होते. "पह्यले मुदतीसाठी दिल्या व्हत्या, आता खोटं बोललो म्हनून दिल्या. म्हने चूक मी माफ केली असती वकील साहेब, तोंड फिरवत व्हतो तरी दिवाळीच्या आधी फायली परत आननार व्हतो. पन तुम्ही माह्या तोंडावर खोटं बोलले. आता नाही येत तो."

माझं ओझं मी नांदुऱ्याला उतरवलं आणि ते सरांच्या डोक्यावर जाऊन पडलं. घरी बाबांना आधी सांगितलं नाही ही एक चूक होती. त्याहून मोठी ही, की जो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला त्यालाच न विचारता मी खरं बोलून आले. मी म्हटलं, "सर, माफ करा. तेव्हाही आणि आताही."

"तेव्हाचं ठीक हाय. तुमचं नाव सांगतलं असतं तं या गावात तुमची वकिली सुरू व्हायच्या आधीच संपली असती. माह्यी वकिली तं झाली व्हती करून." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पत्र पाह्यजे ना? टाइप करा. वेळ नाही मले."

आमच्याकडे ज्युनियरच्या शिफारसपत्राचा मजकूर ज्युनियरनंच टाइप करायचा असतो, साहेब फक्त सांगतात आणि सही करतात. मी कॉम्प्युटर सुरू केला. सरांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. नाव, किती वर्षं काम केलं, कोणत्या प्रकारचं. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, लिहा: माझ्या कार्यालयात हिनं एका सागरी दाव्याची मुदत चुकवली, त्यामुळे माझा सगळ्यात जुना पक्षकार गेला. त्यानं विचारलं नसताना हिनं स्वतः त्याला ते सांगितलं, त्यामुळे तो परत यायचा राहिला. दोन्ही नुकसान माझं झालं. तरीही मी हिची शिफारस करतो.

माझी बोटं थांबली. सर म्हणाले, "लिहा, लिहा. साडेदहाची तारीख हाय."

मी शेवटपर्यंत लिहिलं आणि छापलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एकदा वाचला, 'तरीही' पेनानं खोडून त्या जागी 'म्हणून' लिहिलं आणि सही केली.