जोडीचा रुमाल

मला स्वस्थ बसता येत नाही. माहेरी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. अशा मुलीच्या रुखवतात क्रोशाचा मोठा गोल रुमाल मांडला होता आणि पुढे पाटी होती: वधूचे हस्तकौशल्य. रुमाल मावशीने विणलेला. मी तोवर क्रोशाची सुई हातात धरलेली नव्हती. रुखवतात एवढं चालतंच, असं सगळे म्हणाले.

सासर नेवाशाजवळचं. मांडव उतरून पंधरा दिवस झाले नसतील, तोच सासूबाईंनी रुमाल उलगडला, बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, याच्या जोडीला अजून एक करून दे, घाई नाही. मी हो म्हणून बसले.

मावशीकडून मागवावा तर तिचे डोळे अधू झालेले. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ लावून मीच शिकायला लागले. दुपारी सासूबाई शेतात गेल्या की दाराला कडी, मोबाईलचा आवाज बंद. साखळी जमली, खांबाचे उभे टाके जमेनात. जीव थाऱ्यावर नसायचा, दोरा इतका ओढायचे की रुमालाची वाटी व्हायची. उसवायचं, पुन्हा घालायचं. चपला वाजल्या की सगळं गव्हाच्या पिंपात खुपसायचं. जेवतानाही बोटं आपोआप हलायची. आज पकडली जाणार, उद्या पकडली जाणार, असं सारखं वाटायचं. घरात कुणी काही बोलत नव्हतं, त्याची तर जास्तच भीती वाटायची.

सात महिन्यांनी रुमाल दिला. मावशीचा मऊ, सैलसर. माझा घट्ट आणि चार बोटं लहान. सासूबाईंनी मावशीचा कपाटात ठेवला, माझा बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजवर टाकला. चांगला जपून ठेवला, वाईट वापरायला काढला, हे काही सांगायला लागलं नाही. त्या फ्रिजकडे मी कित्येक वर्षं सरळ बघितलं नाही.

पण आल्यागेल्या बायकांनी तोच बघितला. एकीने मुलीच्या रुखवतासाठी तोरण मागितलं, दुसरीने ताटावरचे रुमाल. आता लगीनसराईत माझं काम पार नगरपर्यंत जातं. सगळ्यांची अट एकच, कुणाला सांगायचं नाही. पाटीसुद्धा मीच लिहून देते, माझं अक्षर बरं आहे म्हणून. वधूचे हस्तकौशल्य. दर वेळी मन खातं, आणि दर वेळी लिहिते.

परवा एका मुलीचा फोन आला. तिचं रुखवत मीच केलं होतं, तिला तिसगावात दिलीये. आवाज अगदी बारीक. म्हणाली, "ताई, सासूबाई जोडीचा रुमाल मागतायत. तुम्ही करून द्या, मी गुपचूप घेऊन जाते."

नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला. घरात चार फेऱ्या मारल्या. सासूबाई पडवीत गहू निवडत होत्या. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एकदाचं विचारलं, माझ्या रुखवतातला रुमाल माझा नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं का?

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "त्या वर्साला गव्हात खड्यापरीस दोराच लई निघायचा."

मला रागच आला. सात महिने घास गोड लागला नव्हता मला, आणि या बाईला सगळं ठाऊक होतं. मग मावशीचा तेवढा जपून का ठेवलात, मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तो परक्याच्या हातचा, त्याचं काय कौतुक? तुझा हाय तो फ्रिजवर हाय. आल्या-गेल्याला दिसावा म्हनून टाकलाय."

आत जाऊन मी तो रुमाल नीट बघितला. पिवळट पडलाय, कडेला एक खांब चुकलाय. रडू आवरलं नाही. मग त्या मुलीला फोन लावला. रुमाल करून देणार नाही म्हणाले, माहेरी आलीस की सुई-दोरा घेऊन ये, पहिले खांब मी शिकवते. पुढचं सासरीच वीण. आणि लपवायचंच असेल तर गव्हाच्या पिंपात लपव.