दातांवरचं गाव

सुक्या झिंग्यांचा वास आला की मला आरमोरीचा बाजार आठवतो. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार असेल. मी सात-आठ वर्षांची होते, मिरच्यांच्या ढिगापाशी आईचा हात सुटला आणि मी हरवले. झिंगे विकणाऱ्या एका बाईनं मला जवळ घेतलं. “कोन्या गावची तू?” तिनं विचारलं, पण हुंदक्यांमुळे मला गावाचं नावही सांगता येईना. मी नुसती तोंड उघडून रडत राहिले. तिनं वाकून माझे दात पाहिले. आमच्या गावातल्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या सगळ्यांच्याच दातांवर तपकिरी पट्टे असत, राखुंडीनं कितीही घासले तरी न जाणारे. “रडू नको, तुयं गाव सापडते आता,” म्हणत ती मला चिंचेखालच्या बैलगाड्यांकडे घेऊन गेली आणि एकेका गाडीवानाला म्हणू लागली, “भाऊ, दात दाखवा जरा.” कुणी हसलं, कुणी चिडलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं तोंडातली विडी काढली, आणि तेच पट्टे दिसले. “तुमची पोट्टी हाये काय?” “माई नाई, पन आमच्या गावची हाये,” म्हणत त्यानं मला गाडीत बसवलं. थोड्या वेळानं शोधत शोधत आई तिथं आली आणि मला पाहून रडता रडता हसली. तिचे दात पाहून ती बाई म्हणाली, “हे माय हाये, विचारायचं काम नाई.” दात घडत असताना पाण्यातलं फ्लोराइड जास्त झालं की असे पट्टे उमटतात, हे मला फार पुढे डॉक्टरांकडून कळलं. माझी नात नळाच्या पाण्यावर वाढते आहे. तिचे दात पांढरेशुभ्र आहेत, म्हणून बाजारात मी तिचा हात सोडत नाही.