पेढ्यांची वाट

पेढ्यांचा न उघडलेला पुडा दिसला की मला हसू येतं. आम्ही अलिबागचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून आईने नारळाच्या दुधातलं मटण केलं होतं. जेवून आम्ही हात धुतोय, तोच शेजारच्या सुमनकाकू पेढे घेऊन आल्या. आमच्या धर्मात मटणावर काही तास गाई-म्हशीच्या दुधाचं चालत नाही. काकू दुखावतील म्हणून आई चाचरत म्हणाली, "वहिनी, आत्ताच मटण झालंय, संध्याकाळी खाऊ."

"मग मीही तेव्हाच!" काकूंनी फतकल मारली. "पदवीधर बाई, घड्याळ बघा!"

नियमाने माणसं दुरावतात म्हणे. आमच्या नियमाने काकूंना अख्खी दुपार घरात बसवून हसवलं. दिवेलागणीला पहिला पेढा त्यांनीच माझ्या तोंडात कोंबला.