दुपारी कालवलेलं रसायन

साक्रीकडच्या त्या वसतिगृहाचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला जुन्या कामांचा कंटाळा आलाय. कंटाळा नाही, भीती आहे. इतकी वर्षं मी हे टाळलं. आता सांगतो, कारण ठपका ज्या माणसावर बसला, चूक त्याची नव्हती.

सरकारी नोकरीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर मी धुळ्याच्या एका ठेकेदाराच्या कामांवर देखरेख करायचो. साक्रीच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात मुलींचं दुमजली वसतिगृह होतं. भूकंपाच्या धक्क्यांनी तिथे तुळया आणि खांब जिथे मिळतात त्या सांध्यांवर तिरप्या भेगा पडल्या. सांधा गेला की वरचा मजला खाली येतो. मुलींना सुट्टी देऊन घरी पाठवलं आणि काम आमच्याकडे आलं.

सांधे कार्बनच्या कापडाने आवळायचे होते. काळं, रेशमासारखं चकाकणारं कापड, वजनाला काहीच नाही. आधी भेगा भरायच्या, काँक्रीट घासून स्वच्छ करायचं, कोपरे गोल करायचे, मग दोन डब्यांतलं रसायन एकत्र कालवून त्याने हे कापड चिकटवायचं. रसायन धाग्याधाग्यात मुरलं तर सांधा पहिल्यापेक्षा मजबूत होतो. नाही मुरलं तर ते नुसतं फडकं.

आमचा मिस्त्री हे काम सुरतेला शिकून आला होता. मे महिना, आमच्याकडचं ऊन. त्याने पहिल्याच दिवशी सावलीत वाळू पसरून ओली केली आणि पाण्याचे माठ ठेवावेत तसे रसायनाचे डबे तिच्यात रोवले. वर ओलं पोतं. कालवायचं ते सकाळी नऊच्या आत. नंतर ते भांड्यातच तापतं आणि घट्ट होतं, असं त्याचं म्हणणं. मजूर हसायचे.

"मिस्त्री, डबासले निंबूपानी बी पाजा!"

"पाजसू. तुम्हनापेक्षा त्या जास्त काम करतस," तो म्हणायचा.

शेवटचे चार सांधे राहिले होते. ठेकेदाराचा फोन आला, परवा वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची माणसं पाहायला येणार, प्लास्टर झालेलं दिसलं पाहिजे. त्यात सकाळभर वीज नव्हती. घासायचं यंत्र बंद. काँक्रीट घासून होईतो दुपारचे दोन वाजले.

"आज नको, भाऊ. सकायले करसूत," मिस्त्री म्हणाला.

"उद्या संध्याकाळी प्लास्टर लागायला हवं."

"भाऊ, हाई देखा, वाफ निंघी ऱ्हायनी." त्याने थोडं कालवून भांडं माझ्यापुढे धरलं. आतलं रसायन गुळाच्या पाकासारखं तार धरत होतं.

"कालवा म्हणतो ना! जबाबदारी माझी."

त्याने कालवलं. रोलर फिरवताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखं नाण्याने प्रत्येक सांध्यावर ठोकून पाहिलं. चिकटलेलं कापड टणटण वाजतं. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातला सांधा ढबढब वाजला.

"पोकय शे, भाऊ. काढी टाकू."

तो आवाज मीही ऐकला. त्याच सांध्याखाली पलंगांची रांग लागणार होती, हेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "प्लास्टर मारा."

जूनमध्ये मुली परत आल्या आणि माझी झोप गेली. धुळ्यात आमच्या घराखालून ट्रक गेला, मांडणीवरचे पेले किणकिणले, की मी दारापर्यंत धावायचो. बायको म्हणायची, "अहो, ट्रक आहे." वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे. काही ना काही निमित्त काढून मी तिकडे जायचो. त्या कोपऱ्यात कोणीतरी मुलगी उशीला टेकून पुस्तक वाचत बसलेली असायची. मी वर बघायचो. प्लास्टर गुळगुळीत, रंग नवा. पलंग तिकडून हलवा, एवढं एक वाक्य अधीक्षिकाबाईंना सांगता आलं असतं. मग त्या विचारतील, का? साऱ्या नोकरीत माझ्यावर एक डाग नव्हता. त्या न लागलेल्या डागासाठी मी मुली तिथे झोपू दिल्या.

पावसाळा सरता सरता, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी भूकंपाचा धक्का बसला. मुली अंगणात होत्या. आत एकच होती, तापाने पडलेली. कोपऱ्यातल्या सांध्याचं प्लास्टर तिच्या पायांपाशी पडलं. ती किंचाळत बाहेर आली. मी पोहोचलो तेव्हा कापड वरून सुटून लोंबत होतं आणि त्याचे धागे आतून कोरडे होते. मजला उभा होता.

तपासणीला बाहेरून इंजिनिअर आले. त्यांनी मिस्त्रीला आणि मला समोरासमोर उभं केलं.

"रसायन किती वाजता कालवलं होतं?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी बोलेन, असं त्याला वाटलं असावं. मी बोललो.

"वेळ मिस्त्रीच ठरवायचे."

त्याने आपली थापी आणि रोलर पिशवीत घातला आणि तो निघून गेला. ते चार सांधे दुसऱ्यांनी नव्याने केले. कापडाचं काम मात्र त्याला पुन्हा कोणी दिलं नाही. फरश्या बसवत फिरला आणि शेवटी दम लागायला लागल्यावर एरंडोलला लेकीकडे राहिला.

मी एकदा एरंडोलच्या बसस्टँडवरून परत फिरलो. दुसऱ्या वेळी घरापर्यंत गेलो. तो खाटेवर बसला होता.

"या भाऊ, बसा. च्या लेतस ना?"

मी तब्येतीचं विचारलं, पावसाचं बोललो. मध्येच त्याने विचारलं, "त्या पोरी बठ्ठ्या बऱ्या शेतस ना?"

"आहेत."

"मंग बरं शे."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. मी म्हणालो, "चांगल्या डॉक्टरला दाखवा यांना." चहा संपवून उठलो.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांना दुखवट्याला भेटायला, मी गेलो होतो. बसलेल्यांपैकी कोणी म्हणालं, "हात चोख होता नाना मिस्त्रींचा. त्या वसतिगृहातच कसं चुकलं, कोण जाणे." लेकीने मान खाली घातली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही ते हे:

मिस्त्री, त्या दुपारी तुम्ही नको म्हणाला होतात. मी कालवायला लावलं. पोकळ आहे हे तुम्ही सांगितलं, मी झाकायला लावलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.