बंदुकीचं माप

बंदूक मी पहिल्यांदा चालवली तेव्हा ज्वारीत उताणी पडले. वर आभाळ, दोन्ही बाजूंना ताटं, आणि बांधावर शेजारच्या शेतातल्या बाया पदर तोंडाला लावून हसतायत. पोपटांनी एक गिरकी घेतली आणि पुन्हा त्याच कणसांवर येऊन बसले. सासरे धावत आले, म्हणजे त्यांच्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. "लागलं का बेटा?" मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते. संध्याकाळी न्हाणीत पाहिलं तर दंड वांग्यासारखा झालेला. बोटानं दाबून पाहिला, तर वाटलं दुसऱ्याच कुणाचा आहे.

बंदूक नवऱ्याची. दोन नळ्यांची, बारा बोअरची, जुनी आणि जड. होळीनंतर डोईफोडिया गावाच्या अलीकडेच त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला. बंदूक ठाण्यात जमा झाली, पावसाळाभर तिथेच पडून राहिली, आणि वारस म्हणून लायसन माझ्या नावावर झालं तेव्हा परत घरी आली. आमचं शेत जंगलाला चिकटून. तिथे ज्वारी पेरायची म्हणजे अर्धी पाखरांसाठीच पेरायची, असं गावात सगळे म्हणतात. म्हणून बाकीचे कपाशी लावतात. आमच्या घरात मात्र ज्वारी लावायची रीत. पाखरं मारायला बंदी आहे, ते आम्हालाही माहीत आहे. मारायचं नसतंच. थवा उतरला की त्याच्या बराच वरून बार काढायचा, मग घटकाभर शेत मोकळं. बाकी वेळ गोफण आणि पत्र्याचा डबा.

सासऱ्यांना मी आबा म्हणते. तरुणपणी तितर-बटेर टिपणारा माणूस. तेव्हा चालायचं ते. आता हात असे थरथरतात की बशीतला चहा मांडीवर. मी पडले त्याच आठवड्यात गावातला एकजण शेत मक्त्यानं मागायला आला. तो गेल्यावर आबा मला म्हणाले, "हे बघ, बंदूक तुझ्यानं झाली तर शेत आपलं आपण करू. नाही झाली तर देऊन टाकू. मी ओट्यावर बसून माशा मारीन. तू शनवाऱ्याला जा, आईबापाकडे. तुझं काही वय नाही झालं." रागानं नव्हते बोलले. पण बोलले ते बोलले.

बऱ्हाणपुरात शनवारा मोहल्ल्यात माझं माहेर. तिथे आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी झोपलेय आणि उठवायचं नाहीये. वहिनी ताटात वाढते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते. डोकं फिरतं माझं. तिथे मी काय करू, दिवसभर टीव्हीसमोर बसू? शेतात निदान पाखरांवर ओरडता येतं. शेत गेलं तर माझ्याकडे काही उरत नाही, हे मला समजत होतं. पण समजत होतं ते पुस्तकातलं वाक्य समजावं तसं. जाईल, नाही तर राहील. आत काही हलत नव्हतं. मी रडत नाही म्हणून लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. कसला डोंबलाचा धीर! काहीच नव्हतं आत, मग रडणार कशानं?

मी आबांना म्हटलं, ही बंदूक दुकानात देऊ आणि एखादी हलकी घेऊ, कमी झटक्याची. बायकांच्या हातात बसेल अशी. आबांनी नुसती मान हलवली. दसरा झाल्यावर जाऊ म्हणाले.

दसऱ्याला आमच्या घरी काही नव्हतं. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे तोरण नाही, गोड नाही, शस्त्रपूजा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं आम्ही बऱ्हाणपूरला निघालो. बंदूक खाकी खोळीत, खोळ माझ्या दोन गुडघ्यांमध्ये. कंडक्टर म्हणाला, "क्या बात है ताई, आज कुणाचा नंबर?" मी म्हटलं, "जो सुट्टे देणार नाही त्याचा." मागची माणसं हसली. आबाही हसले, किती महिन्यांनी. मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसले.

दुकानदार मध्यमवयीन, तोंडात सुपारी, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. आधी जुनी दाखवा म्हणाला. खोळ काढली, मधून दुमडून उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या आणि एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. "अरे बाप रे," म्हणाला, "यह क्या भरके रखा है?" आतून काही दिसतच नव्हतं. त्यानं साफ करायची सळई घातली, हळूहळू ढकलली, आणि काउंटरवर झेंडूचं एक फूल पडलं. चिरडलेलं, पण पिवळं. मग दुसऱ्या नळीतून दुसरं. त्याच्यामागून कुंकू लागलेले चार तांदूळ.

"ताई, असाच बार काढला असता ना, तर नळी फाटली असती. हातात."

आबांचा चेहरा एकदम उतरला. मला मात्र लगेच कळलं. सासूबाई. दरवर्षी दसऱ्याला बंदुकीची पूजा त्याच करायच्या आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडात एकेक झेंडू खोवायच्या, दरवाजाला लावावा तसा. ताजं फूल, देठासकट, चांगलं आत दाबून. आणि दुसऱ्या दिवशी शेतावर निघताना नवरा ती फुलं काढायचा. कुणी कधी याबद्दल बोललेलं मला आठवत नाही. त्या खोवायच्या, तो काढायचा. यंदा घरात सण नव्हता, तरी त्यांनी कुणाचं लक्ष नसताना पूजा उरकलेली. फूल काढायचं असतं हे त्यांच्या कामात कधी नव्हतंच. आणि काढणारा नव्हता.

"घरी जाऊन तिला सोलतो," आबा म्हणाले.

"काही नाही बोलायचं," मी म्हटलं. "त्यांना मी सांगते. तुम्ही गप्प बसायचं." सासऱ्यांशी असं बोलतात का? पण मी बोलले. दुकानदार फुलं कचऱ्यात टाकायला निघाला तर आबांनी हात पुढे केला आणि खिशात घातली. मला घाबरायला हवं होतं. हात जाता जाता वाचला होता माझा. मी फक्त विचारलं, "हलकी बंदूक दाखवता का?"

त्यानं एक लहान बोअरची, अरुंद नळीची काढली. खरंच हलकी, हातात घेतली तर मुसळापेक्षा कमी. "लेडीज के लिए बेस्ट," म्हणाला. मी उचलली, गालाला लावली, मला आवडली. आबा मागून म्हणाले, "हिची काडतुसं मिळतात का इथे?" तर, मिळतात पण मागवावी लागतात, कधी महिना लागतो. पाखरं महिनाभर थांबतात होय? मग त्यानं तशीच हलकी पण बारा बोअरची काढली, एका नळीची.

"ही नको," आबा म्हणाले. "ही गाढवासारखी लाथ मारेल."

"इतकी हलकी आहे तर," मी म्हटलं.

"म्हणूनच. काडतुसाचा जोर तेवढाच. बंदूक जड असली की तो जोर तिच्यात जिरतो. हलकी असली की सगळा तुझ्या खांद्यात."

दुकानदारानं मान डोलावली. विकायची घाई होती, पण खोटं नाही बोलला. एक नवीन प्रकारचीही दाखवली, आपोआप दुसरं काडतूस चढवणारी. म्हणे झटका निम्मा ती स्वतःच खाते. पण तिची नळी एवढी लांब की मी ती धरून उभी राहिले तर पुढे झुकायला लागले. आबा म्हणाले, ठेवा ती.

मला राग आला. म्हटलं, "मग जडच हवी तर आमची काय वाईट होती? तिनंच मला पाडलं ना!"

तेव्हा दुकानदारानं आमची जुनी पुन्हा माझ्या हातात दिली. मूठ धरायला लावली, कोपर वाकवायला लावलं आणि बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता माझ्या कोपराच्या खळगीत टेकवून बघितला. घोड्यापर्यंत माझं बोट पोचेना. ओढून ताणून नख लागत होतं. "देखो," म्हणाला. "ही तुम्हाला लांब आहे. म्हणून खांद्यावर बसतच नाही, दंडावर जाते. मग पाडणार नाही तर काय. बंदूक चांगली आहे, माप तुमचं नाही. दस्ता दोन बोटं कापायचा, मागे जाड रबर बसवायचं, आठ नंबरची, बारीक छऱ्यांची हलकी काडतुसं वापरायची. खांद्याला कळणारसुद्धा नाही."

माप नवऱ्याचं होतं. उंच होता तो, हात लांबसडक. लग्नाआधी त्यानं ती इथूनच कुठून तरी करून घेतली होती, मागे लाकडाचा जोड लावून. तो जोड दिसत होता, थोडा फिकट रंगाचा. त्याच्यावर खांद्याच्या घामानं काळा डाग पडला होता.

"कापलं की कापलं," दुकानदार म्हणाला. "नंतर पहिल्यासारखं नाही होत." आणि त्यानं आबांकडे बघितलं. "क्या करूँ, काका?"

"त्यांना काय विचारता?" मी म्हटलं. "लायसनवर फोटो कुणाचा आहे? मला विचारा."

"तुम्ही सांगा, ताई."

आणि मला सांगता येईना. एवढ्या तोऱ्यात बोलले होते मी! दुकानात पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मी त्या काळ्या डागाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता तरी काहीतरी वाटू दे. काही वाटेना. आबांकडे वळले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, त्यातला देव पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. त्यांच्या पोराची बंदूक. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी तिथेच सोडून दिलं असतं, बंदूकही, शेतही. पण ते सगळं माझ्यावर टाकून बसले होते.

"कापा," मी म्हटलं.

दुकानदार मागच्या खोलीत गेला. करवतीचा आवाज यायला लागला तसे आबा उठून पायरीवर जाऊन बसले. मी काउंटरला टेकून उभी. लाकूड जुनं, कडक. करवत मधेच अडकायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी नखं कुरतडत होते. दुकानदाराच्या बायकोनं आतून पाणी पाठवलं, ते पिऊन टाकलं. बराच वेळ लागला. मग घासायचा आवाज, मग स्क्रू पिळल्याचा.

तो बाहेर आला आणि बंदूक माझ्या हातात दिली. आबा आत येऊन उभे राहिले. मी उचलली. काही करावं लागलं नाही. रबर खांद्याच्या खळग्यात जाऊन बसलं, गाल लाकडावर टेकला, बोट घोड्यावर पोचलं. वजन तेच, पण ते आता पुढे ओढत नव्हतं. मी रिकामी बंदूक दाराबाहेरच्या वर, विजेच्या तारांच्याही वरच्या आभाळावर धरली आणि तशीच उभी राहिले. हात हलत नव्हता. जमणार होतं मला.

"बसली," दुकानदार म्हणाला.

आबा जवळ आले. त्यांनी नवीन रबरावरून, मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं बरं झालं म्हणतील.

"आता त्याला आखूड पडेल," ते म्हणाले.

मी बंदूक खाली घेतली. काउंटरवर ठेवायला गेले तर काउंटर दिसेना, एवढे डोळे भरले होते. मग जे रडू आलं ते मला आवरेचना. भर दुकानात, परक्या माणसासमोर, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तशी मी रडले. होळीपासूनचं सगळं. दुकानदार बिचारा काडतुसांची खोकी उगाच इकडची तिकडे करू लागला. आबांनी मला जवळ घेतलं नाही, तशी आमच्यात पद्धत नाही. ते खोळ झटकून बंदूक आत सरकवायला लागले, आणि हात थरथरत असल्यामुळे ती काही केल्या जाईना.

"रडून घे," ते म्हणाले. "रडून घे. त्या मक्तेवाल्याला मी जाताना नाही म्हणून सांगतो. सकाळी तुला ज्वारीवर जायचंय."