वांग्याचं तोंड घराकडे

ओबोन, म्हणजे पितर घरी येतात तो सण, संपला की आमच्या हिसागो तळ्यात कोणी पाय घालत नाही. पितर परत निघालेले असतात, त्यांच्या वाटेत आलात तर पाय धरून ओढतात, असं म्हणतात. आदल्या दिवसापर्यंत काठावर पोहणाऱ्यांची जत्रा असते. दुसऱ्या दिवशी माझ्या भाड्याच्या होड्या, बदकं, आणि कमरेला अस्वलं पळवायची घंटा बांधून डोंगर चढणारे पाहुणे, एवढंच उरतं.

डोंगरवाटेच्या तोंडाशी तोकुएबाई, आमच्या बोलीत तोकुए-सान, भाजलेली कणसं विकतात. वय सत्तरीच्या पुढे, जीभ विळीसारखी. त्यांचा नवरा तरुणपणीच गेला. ओबोनच्या दुसऱ्या दिवशी भरपूर ढोसून तळ्यात उतरला आणि बुडाला. प्यालेला माणूस बुडतो, त्यात पितरांनी काय केलं? पण सासूनं कारण शोधून काढलं. पितरांना परत जायला आम्ही वांग्याला काड्यांचे पाय लावून गाय करतो आणि तिचं तोंड दाराबाहेर ठेवतो. त्या वर्षी नव्या सुनेनं, म्हणजे तोकुए-साननी, ते घराकडे ठेवलं होतं. झालं! पितर वाट चुकले, तळ्यातच राहिले आणि पोराला घेऊन गेले. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

सासू मरेपर्यंत तोकुए-साननी हे ऐकून घेतलं. पण दर वर्षी त्याच सुमाराला, गावाच्या नाकावर टिच्चून, त्या समोरच्या बेटापर्यंत पोहून परत यायच्या. हृदय कमजोर झालंय म्हणून डॉक्टरांनी बंदी घातली, तेव्हाच थांबल्या.

यंदा त्यांची सून सानाए हिनं पहिल्यांदा गाय केली. ती ओसाकाची, माहेरी ही रीत नाही. तिनंही तोंड घराकडे ठेवलं. आणि दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा काझुमा, जो पाहुण्यांना डोंगर दाखवतो, ओल्या दगडावरून घसरला आणि पाय मोडून घेतला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! आळीचे मुखिया हातानो यांनी गावच्या दुकानात बसून सगळ्यांना ऐकवलं, "सासूनं नवरा घालवला, सून नवऱ्याचा पाय मोडून थांबली. अजून तळ्यात कोण कोण बसलंय देव जाणे."

मी कणीस घ्यायला गेलो तर सानाए बॅग भरून उभी होती.

"मी राहिले तर अजून काही होईल, आई. चारच्या गाडीनं जाते."

"काही होणारच आहे. हातानोच्या टकलावर माझी कणसाची टोपली पडणार आहे," तोकुए-सान म्हणाल्या. मग कणसं तशीच निखाऱ्यावर सोडून त्या पोहण्याचे कपडे घालून आल्या.

मी वाट अडवून म्हटलं, "तोकुए-सान, तुम्ही बुडालात तर ही पोरगी जन्माची बुडाली. लोक म्हणतील, वांग्यानं सासूही खाल्ली."

"म्हणूनच बुडणार नाही. सर बाजूला."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. अर्धा गाव काठावर जमला. हातानो घडीची खुर्ची घेऊन आले, जणू तमाशाच होता. मला त्यांचा इतका राग आला की खुर्चीसकट पाण्यात ढकलावंसं वाटलं.

जाताना त्या सुरेख गेल्या. बेटाला हात लावला, बदकं फडफडून उडाली. येताना मात्र मध्यावर हात जड पडू लागले. या दिवसांत तळाचं पाणी गार होतं, पायात गोळे येतात. डोकं एकदा खाली गेलं, वर आलं. मी होडीची दोरी सोडायला धावलो, पण गडबडीत गाठ सुटेना.

तेवढ्यात पाणी उडाल्याचा आवाज झाला. सानाए कपड्यांसकट तळ्यात शिरली होती. तिला पोहता येतं हे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनं सासूला गाठलं, उताणं केलं आणि हनुवटीखाली हात घालून ओढत आणलं.

काठावर टेकताच तोकुए-सान खोकत ओरडल्या, "कोणी बोलावलं होतं तुला? येतच होते मी!"

"हो, येत होतात. दिसलं सगळ्यांना," सानाए म्हणाली आणि त्यांच्या पाठीवर टॉवेल टाकला. तिचे ओठ निळे पडले होते, पण नजर हातानोंवरून हलत नव्हती.

हातानो घसा खाकरून म्हणाले, "नशीब म्हणायचं. पितरांनी दोघींना सोडलं."

एरवी त्यांच्यासमोर मान वर न करणारी ती पोरगी खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या कपड्यांतलं पाणी त्यांच्या बुटांवर गळत होतं.

"उद्या मी एकटी बेटापर्यंत जाणार आहे, हातानो-सान. परवाही. खुर्ची इथेच राहू द्या."